तडीपारीला करिअर म्हणू नका

महमूद अब्दुल-रौफ हे नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मोहम्मद अलीचं पोस्टर आपल्या प्रत्येक खोलीत आहे. १९६८ साली मेक्सिकोत काळा हातमोजा वर करणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस आपल्या टी-शर्टांवर आहेत. गुडघा टेकलेला कॅपरनिक आहे. रौफ कुठेच नाही. आणि जिथे आहे तिथे काय लिहिलेलं असतं? अमेरिकेचा बास्केटबॉलपटू, आधी डेन्व्हर, सॅक्रामेंटो, पुढे तुर्कस्तान, रशिया, इटली, ग्रीस, सौदी अरेबिया, जपान असा परदेशी खेळला. वाचणाऱ्याला वाटावं, गडी जग फिरला, मजा मारली.

दोस्तहो, ही यादी नीट वाचा. पोलीस ज्याला मुंबई, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांतून हाकलतात आणि मग जो नाशकात, पुण्यात, सुरतेत दिवस काढतो त्याला आपण प्रवासी म्हणतो काय? आपल्या गल्लीत त्याला एक सरळ शब्द आहे. तडीपार.

आपल्या मागच्या बैठकीत एक मित्र म्हणाला, रौफ शेवटी राष्ट्रगीताला उभा राहिलाच ना? मग त्याच्यासाठी आपली पानं कशाला खर्ची घालायची? चारसहा जणांनी माना डोलावल्या. हा लेख त्या डोलावलेल्या मानांच्या विरोधात आहे.

मी गोदीत ओझी उचलतो, जमेल तशा कविता करतो. बास्केटबॉल मी नागपाड्याला जाळीच्या बाहेर उभा राहून पाहिलेला. तेव्हा खेळातला जाणकार म्हणून बोलत नाही. पण मालकाला नको झालेल्या माणसाचं काय करतात, यातलं थोडंफार कळतं.

रौफ जन्मला १९६९ साली, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्टला. तेही बंदराचंच गाव, केळ्यांची जहाजं लागणारं. आई एकटी, पोरं तीन, बापाचा पत्ता नाही, घरात कधी चूल पेटायची, कधी नाही. पोराचं नाव ख्रिस जॅक्सन. या पोराच्या अंगाला आपोआप झटके यायचे, डोळे मिचकायचे, नको तेव्हा तोंडातून आवाज निघायचा. शाळेने काय केलं? मठ्ठ ठरवलं आणि वेगळ्या वर्गात बसवलं. शाळा सगळीकडे सारखीच. काळं पोर हललं तर त्याला आजार आहे असं म्हणण्याआधी ते बिघडलेलं आहे असं म्हणायचं. हा टूरेट सिंड्रोम नावाचा मज्जासंस्थेचा विकार आहे हे कळायला पोराला सतरावं वर्ष उजाडावं लागलं.

या विकाराची एक तऱ्हा अशी की, गोष्ट मनासारखी झाल्याशिवाय शरीर सुटका देत नाही. बुटाची नाडी बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. चेंडू टाकायचा तर कड्याला न शिवता नुसता जाळीतून गेला पाहिजे आणि जाळीचा आवाजही हवा तसाच आला पाहिजे. असे ओळीने दहा झाले तर घरी जायचं. नववा कड्याला घासला की पुन्हा एकपासून. अंधार पडो, पाऊस पडो. लोक याला जिद्द म्हणतात, मेहनत म्हणतात, त्यावर भाषणं देतात. ती जिद्द नव्हती, सक्ती होती. आतून कुणीतरी मानेवर बसलेला. पण त्या सक्तीतून या माणसाने जे हत्यार घडवलं त्याला तोड नव्हती. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो नावाचा प्रकार असतो. पंधरा फुटांवरून, कुणी आडवं न येता, एकट्याने चेंडू टाकायचा. १९९३-९४ च्या हंगामात रौफने असे २२९ टाकले. २१९ आत गेले. पुऱ्या हंगामात दहा चुकले. आणखी एकच आत गेला असता तर तेव्हाचा सगळ्यात मोठा विक्रम मोडला असता.

पण मी पुढे पळालो. आधी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी. पहिल्याच वर्षी, १९८८-८९ मध्ये, सामन्याला सरासरी ३० गुण. पहिल्या वर्षाच्या पोराने असं कधी केलं नव्हतं. स्टेडियम तुडुंब, तिकिटं युनिव्हर्सिटीची, टीव्हीचा पैसा युनिव्हर्सिटीचा, आणि पोराला शिष्यवृत्ती. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूला पगार द्यायचा नाही असा नियमच होता. घाम काळा, तिजोरी गोरी.

त्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याच्या हातात माल्कम एक्सचं आत्मचरित्र दिलं. देणाऱ्याला बिचाऱ्याला काय कल्पना, आपण काय दिलं! १९९० साली डेन्व्हर नगेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात. संघ रांगेने पोरं निवडतात, पोरांनी संघ निवडायचा नाही. आमच्याकडे मुकादम बोट दाखवतो, तिकडे कोट घालून दाखवतात, एवढाच फरक. १९९१ साली रौफने इस्लाम स्वीकारला. १९९३ साली ख्रिस जॅक्सन हे नाव टाकून दिलं.

धर्म बदलला की लोक हसतात, नाव बदललं की चिडतात. १९५६ च्या नागपूरनंतर हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. जुन्या नावाने हाक मारण्यात एक वेगळीच लज्जत असते ना भल्या माणसांना!

आता १९९५-९६ चा हंगाम. डिसेंबरात युटा जॅझविरुद्ध एकट्याचे ५१ गुण. फेब्रुवारीच्या ४ तारखेला मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्स डेन्व्हरला आला. त्या वर्षी तो संघ ८२ पैकी ७२ सामने जिंकला, फक्त दहा हरला. त्या दहांतला एक हा. १०५ विरुद्ध ९९, रौफचे ३२ गुण. त्या हंगामात त्याची सरासरी १९ गुणांची होती. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्याच हंगामात राष्ट्रगीताच्या वेळी रौफ उभा राहत नव्हता. बोंब मारून नाही, घोषणा देऊन नाही. कधी कपडे बदलायच्या खोलीत थांबायचा, कधी बाकावर बसून अंग ताणायचा. महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे देशाचा अपमान चालू होता आणि देशाला पत्ताच नव्हता! मग रेडिओवर कुणीतरी बोललं, कॅमेरे आले, आणि मार्चमध्ये पत्रकारांनी विचारलं. रौफने सांगून टाकलं की हा झेंडा जुलमाची आणि दडपशाहीची खूण आहे, या देशाचा इतिहास तसा आहे, आणि माझी श्रद्धा मला जुलमापुढे उभं राहू देत नाही. १२ मार्च १९९६ ला लीगने त्याला निलंबित केलं. एनबीएचा नियम होता, राष्ट्रगीताला ओळीने अदबीने उभं राहायचं. चुकलेल्या एका सामन्यामागे ३१,७०७ डॉलर कापले.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण खरी ग्यानबाची मेख इथे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ सालीच निकाल दिला होता की शाळेतल्या मुलावर झेंड्याला सलाम करायची सक्ती करता येणार नाही. महायुद्ध चालू असताना दिलेला निकाल. मग रौफला कसं काय वाकवलं? तर त्यांची घटना नागरिकाला सरकारपासून वाचवते. मालकापासून नाही. लीग म्हणजे खाजगी धंदा. रस्त्यावर तू नागरिक, फाटकाच्या आत तू नोकर. सरकारने जे केलं तर कोर्टात उभं करता येतं, तेच मालकाने केलं तर त्याला कराराची अट म्हणतात. स्वातंत्र्याची देवी न्यूयॉर्कच्या बंदरात उभी आहे म्हणे. बंदरातच उभी आहे, कारखान्याच्या फाटकापर्यंत आलेली नाही.

दोन दिवसांत तडजोड झाली. रौफ उभा राहील, पण डोळे मिटून, हात पसरून, गाणं चालू असताना पिडलेल्यांसाठी मनातल्या मनात दुआ मागेल. १५ मार्चला शिकागोत तो तसा उभा राहिला आणि स्टेडियमभर हूटिंग झालं. म्हणजे बसला तरी शिव्या, उभा राहिला तरी शिव्या. डेन्व्हरच्या एका रेडिओ केंद्राची माणसं तर मशिदीत घुसली आणि तिथे राष्ट्रगीत वाजवून आली. प्रार्थनेच्या जागी घुसून धिंगाणा घालणाऱ्यांना अदबीचा नियम नव्हता.

आणि आमचा मित्र म्हणतो, उभा राहिलाच ना!

मित्रा, तू कधी तडजोड पाहिली आहेस काय? जवळून? मी रोज पाहतो. सकाळी फाटकावर उभा असलेला माणूस मुकादमाला राम राम घालतो तेव्हा त्याने स्वतःला विकलेलं नसतं. त्याने त्या दिवसाचं पीठ घेतलेलं असतं. पोस्टरवरच्या माणसाला भाडं द्यायचं नसतं, म्हणून तो कायम मूठ वर करून उभा राहू शकतो. रौफ उभा राहिला, पण शब्द मागे घेतला नाही. माफी मागितली नाही. झेंड्याबद्दल जे बोललो ते चुकलं असं म्हणाला नाही. मालकाला शरीर हवं होतं, शरीर दिलं. आतला माणूस दिला नाही. आणि मालकाला हे बरोबर कळलं. तुला कळलं नाही, त्याला कळलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आमच्या धंद्यात कंत्राटदार कुणाला काढत नाही. काढलं तर कागद करावा लागतो. कागद झाला की युनियन येते, साहेब येतो, कोर्ट येतं. तो फक्त सकाळी तुझं नाव पुकारत नाही. आज नाही, उद्या नाही. विचारलं तर म्हणतो, अरे काम कमी आहे, तुझ्यावर राग थोडाच आहे? बाजूच्याचं नाव पुकारलेलं असतं. तीन आठवड्यांनी तू आपणच यायचा बंद होतोस. मग तो सगळ्यांना सांगतो, गेला बाबा, त्यालाच काम नको होतं.

आता आकडे. जून १९९६ मध्ये, हंगाम संपता संपता, डेन्व्हरने आपला सगळ्यात जास्त गुण करणारा माणूस सॅक्रामेंटोला देऊन टाकला. बदल्यात काय घेतलं? मार्चुल्योनिस नावाचा ३२ वर्षांचा लिथुआनियन आणि पुढच्या निवडीतला दुसऱ्या फेरीचा एक हक्क. मार्चुल्योनिस एके काळचा मोठा खेळाडू, त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. पण डेन्व्हरसाठी तो १७ सामने खेळला आणि संपला. डेन्व्हर त्याआधीच्या हंगामात ३५ सामने जिंकला होता. पुढच्या हंगामात २१. त्याच्या पुढच्यात ११. त्याच उन्हाळ्यात मुटोम्बोही सोडून गेला होता, तेव्हा सगळं रौफमुळे असं मी म्हणत नाही. पण स्वतःचं घर पोखरून घेतील आणि तोंड उघडणारा माणूस बाहेर काढतील, असा हा हिशेब.

सामन्यामागे त्याला मिळणारी मिनिटं पाहा. डेन्व्हरच्या शेवटच्या हंगामात सुमारे ३५. सॅक्रामेंटोत पहिल्या वर्षी २८. दुसऱ्या वर्षी १७, आणि सामने फक्त ३१. कुणी विद्वान म्हणेल, त्याचे गुण घटले म्हणून संधी घटली. गुण घटले, खरं आहे. १९ वरून १४, १४ वरून ७. अरे पण बाकावर बसलेला माणूस गुण कुठून आणणार, खिशातून? आधी पाळी कापायची आणि मग म्हणायचं हा काम कमी करतो.

१९९८ मध्ये करार संपला. वय २९. गार्डच्या जागी खेळणाऱ्याचं हे भर उमेदीचं वय. एनबीएत तेव्हा २९ संघ. एकाचाही फोन नाही. बंदी नाही, हुकूम नाही, कागद नाही. नुसतं नाव पुकारलं नाही.

तर असा हा गडी 'परदेशी खेळायला' गेला. पहिलं गाव इस्तंबूल, फेनरबाचे क्लब. करार दोन वर्षांचा, पण पहिला हंगाम पुरा व्हायच्या आधीच तो निघून आला, आणि त्यानंतर काही काळ खेळच नाही. २०००-०१ मध्ये व्हँकुव्हर ग्रिझलीजने बोलावलं. ४१ सामने, सामन्यामागे बारा मिनिटं. तोही संघ कॅनडातला, म्हणजे परत घेतलं तेही सरहद्दीच्या पलीकडूनच! एनबीएतलं ते शेवटचं. त्याच २००१ साली मिसिसिपीत त्याने बांधलेलं घर जळालं. त्याआधी त्या जागेवर कुणीतरी क्लू क्लक्स क्लॅनची तीन अक्षरं रंगवून गेलं होतं. घर रिकामं होतं म्हणून माणसं वाचली. कुणाला अटक झाली नाही. एखाद्याने वस्तीबाहेर चांगलं घर बांधलं आणि रात्री ते पेटलं, ही बातमी आपल्याकडच्या गावांतून किती वेळा येते ते तुम्हीच मोजा.

मग पुन्हा बाहेर. २००३ मध्ये रशियात उरल पर्वताजवळचं पेर्म. पुढच्या वर्षी इटलीतलं समुद्रकाठचं छोटं गाव रोझेतो. मग ग्रीसचा अरिस, थेस्सालोनिकी. मग सौदी. शेवटी २००९ पासून दोन हंगाम जपानचं क्योतो. बहुतेक ठिकाणी एकेक हंगाम. तिकडच्या लीगमध्ये परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा असते, म्हणून परदेशी माणूस म्हणजे एका हंगामाचा कंत्राटी. गुण करायला आणायचा, हंगाम संपला की दुसरा आणायचा. भाषा वेगळी, बाजार वेगळा, झेंडाही वेगळा. हे देश काही स्वर्ग नव्हते, आणि तिथल्या झेंड्यांच्या बुडाशीही रक्त आहे. १९९६ साली लोक त्याला सांगत होते, देश आवडत नसेल तर चालता हो. आपल्याकडेही सांगतात, फक्त गावाचं नाव वेगळं घेतात. फरक एवढाच की रौफला खरोखर चालतं केलं, आणि वर त्याला करिअर हे नाव दिलं. क्योतोत थांबला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. विशीतल्या पोरांसमोर तोच हात, तोच जाळीचा आवाज. संपलेल्या माणसाला वयाच्या चाळिशीत कुणी पैसे देऊन खेळवत नाही. २०१७ मध्ये, ४८ व्या वर्षी, तो तिघा-तिघांच्या बिग-थ्री लीगमध्ये उतरला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी खेळ संपला होता ही थाप होती.

तो एकटाच नाही. क्रेग हॉजेस ठाऊक आहे? लांबून चेंडू टाकायच्या स्पर्धेत तीन वर्षं ओळीने पहिला. शिकागो बुल्सबरोबर १९९१ साली व्हाइट हाउसला गेला तो आफ्रिकी दाशिकी घालून, आणि अध्यक्ष बुश यांच्यासाठी काळ्यांच्या हालाबद्दल पत्र घेऊन. १९९२ मध्ये संघाने सोडला. कुणी घेतला नाही. इटली, तुर्कस्तान. पुढे त्याने लीगवर खटला घातला, कोर्टाने फेटाळला. तीच वाट, तीच गावं! एखादी तडीपारीची गाडीच लागते जणू, शिकागोहून थेट इस्तंबूल.

आता पैशाची गोष्ट. आपल्यातले काही म्हणतील, वर्षाला सव्वीस लाख डॉलर घेणाऱ्याचं दुःख गोदीतल्या माणसाने का सांगावं? बरोबर प्रश्न. त्याचं दुःख माझं नाही, आणि भुकेशी त्याची तुलना मी करत नाही. पण सव्वीस लाखवाल्याला जर एका वाक्यासाठी एवढ्या बिनबोभाट संपवता येतं, तर रोजंदारीवाल्याला संपवायला किती लागेल याचा अंदाज तरी घ्या. आणि दुसरं, ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही त्याच्या शौर्याचे पोवाडे आपण गातो. ज्याच्याकडे होतं आणि त्याने ते टाकलं, त्याच्याकडे संशयाने पाहतो. ही कसली मोजपट्टी?

२०१६ साली कॅपरनिक बसला, मग गुडघ्यावर आला. त्यालाही पुढे कुणी संघात घेतलं नाही. पण २०१८ मध्ये नाइकेने त्याचा चेहरा जाहिरातीत लावला. रौफच्या वेळी बंडाला बाजारभाव नव्हता, आता आला आहे. कॅपरनिकचा यात दोष नाही. उलट त्याच्याच प्रकाशनाने २०२२ मध्ये रौफचं आत्मचरित्र काढलं, म्हणजे त्याला आपला वाडवडील ठाऊक आहे. आपल्याला नाही. २०२० च्या जुलैत, जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर, एनबीएचे संघच्या संघ राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसले. उभं राहायचा नियम पुस्तकात तसाच होता. आयुक्ताने सांगितलं, आम्ही तो लागू करणार नाही. म्हणजे नियम कधीच नियम नव्हता. तो एकट्या माणसासाठी ठेवलेला दांडका होता. सगळे बसले तेव्हा गुंडाळून ठेवला. आणि त्याच वर्षी त्या लुइझियानाच्या युनिव्हर्सिटीने रौफचा ३५ नंबरचा शर्ट समारंभ करून छताला टांगला. जिवंतपणी पाणी द्यायचं नाही आणि नंतर पुतळ्याला हार, हा धंदा आपल्याला नवा नाही.

झेंड्याचा विषय निघाला की आपल्यातले जुने लोक गप्प होतात, पोरांना कारण ठाऊक नसतं. ज्यांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ते काळे पँथर अमेरिकेतलेच. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधने'त राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. झेंड्याच्या अपमानाची शिक्षा आणि दलित बाईच्या अब्रूला लावलेला पन्नास रुपये दंड त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. महाराष्ट्र पेटला. कशासाठी? बाईसाठी नाही. कापडासाठी. रौफ तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला ढाले ठाऊक असण्याचं कारण नाही. पण चोवीस वर्षांनी डेन्व्हरमध्ये त्याला तोच प्रश्न विचारला गेला आणि त्याने तेच उत्तर दिलं. म्हणून तो आपल्या पानांवर परका नाही.

मित्राला माझं म्हणणं एवढंच की पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर डोळे मिटून, हात पसरून उभा असलेला रौफ छापायचा. मूठ नाही, गुडघा नाही. ब्लॉकचा खर्च मी माझ्या दोन पाळ्यांचा देतो. ज्याला यावर भांडायचं असेल त्याने रविवारी यावं. सकाळच्या पाळीनंतर, नाव पुकारलं गेलं तर तीन वाजता, नाही तर दहापासूनच मी मोकळा आहे.